भिंत दोघींची, रेघ कागदावरची

पंचवटीत राहणाऱ्या बाईला रेषेचं महत्त्व कुणी वेगळं सांगायला नको. बाहेरगावचे पाहुणे आले की सीतागुंफा, काळाराम, तपोवन असा फेरा होतो आणि लक्ष्मणरेषेची गोष्ट निघतेच. वाल्मीकी रामायणात ही रेषा नाही, ती नंतरच्या रामकथांमधून आली, असं अभ्यासक सांगतात. पण लोकांच्या मनात ती कायमची उमटली आहे. आता मैत्रिणींनो, मला एक सांगा. ही रेषा आपल्याला पाठ आहे, पण आपल्या स्वतःच्या घराची रेषा कुठून कुठवर जाते, हे आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

मी हा प्रश्न बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, अगदी भाजीबाजारातही विचारून पाहिला आहे. उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं, "ते सगळं ह्यांना माहीत!" शेजारच्या पन्हळीचं पाणी आपल्या कुठल्या कोपऱ्यात पडतं, कुठल्या भिंतीला ओल येते, कोणाच्या कढीपत्त्याची फांदी आपल्या दोरीवरच्या कपड्यांना लागते, हे सगळं बाईला ठाऊक. हद्दीवरून कुरबुर सुरू झाली की पहिला टोमणाही तिलाच ऐकावा लागतो, कारण दिवसभर घरी तीच असते. कागद मात्र कपाटाच्या आतल्या कप्प्यात, तिनं कधीही न उघडलेल्या फायलीत!

दोन फुटांची भिंत पडली आणि...

नदीकाठच्या जुन्या गावठाणातली एक हकिगत सांगते. नावं सांगत नाही, कारण दोघीही आजही तिथंच राहतात. दोन जुनी घरं आणि मधे एकच सामाईक भिंत, मातीची, चांगली दोन फूट जाडीची. एका बाजूला ऐंशीला टेकलेल्या काकू, दुसऱ्या बाजूला चाळिशीतल्या वहिनी. गोदावरीला सप्टेंबर २००८ मध्ये मोठा पूर आला, ऑगस्ट २०१९ मध्येही आला. अशा पुरांत आणि दरवर्षीच्या पावसात काठावरच्या जुन्या भिंती आतून भिजत, पोकळ होत जातात. या भिंतीचंही तेच झालं. एका पावसाळ्यात तिचा अर्धा भाग खाली आला. नशिबानं कुणाला लागलं नाही.

वहिनींच्या घरच्यांनी ठरवलं, आता विटांची सहा इंची भिंत बांधू. इथंच ठिणगी पडली. दोन फुटांच्या जागी अर्ध्या फुटाची भिंत आली, तर उरलेला दीड फूट कुणाचा? भिंत तीस फूट लांब. म्हणजे हिशेब पंचेचाळीस चौरस फुटांचा. तुम्हाआम्हाला ही जागा थोडी वाटेल, पण गावठाणात तेवढ्या जागेत एक न्हाणीघर निघतं.

"काकू, ही भिंत आमच्या सासऱ्यांनी बांधलेली. जागा आमचीच आहे," वहिनी म्हणाल्या.

"अगं, मी लग्न होऊन आले तेव्हा ही भिंत होती. तुझे सासरे तेव्हा शाळेत जात होते!" काकूंचं उत्तर.

झालं! संक्रांतीचं वाण थांबलं. एकमेकींच्या घरी जाणारी आमटीची वाटी थांबली. भिंतीच्या जागी ताडपत्री लटकली आणि उरलेली अर्धी भिंत तशीच वाकून उभी राहिली. त्या भिंतीखाली वहिनींची मुलं खेळायची आणि पलीकडे काकूंची खाट होती. भांडण दीड फुटाचं, पण धोका दोन्ही घरांतल्या माणसांच्या जिवाला. मी दोघींकडे गेले तेव्हा भिंत कुणी बांधली हे विचारलंच नाही. "कागद काय आहेत?" एवढंच विचारलं.

कागद तीन, आणि ते बाईला वाचता यायला हवेत

पहिला कागद खरेदीखत. त्यात शेवटाकडे 'चतुःसीमा' लिहिलेल्या असतात. पूर्वेस अमुक, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस तमुक यांचं घर, उत्तरेस बोळ. जागेची लांबी-रुंदीही असते. वडिलोपार्जित घर असेल तर खरेदीखताऐवजी वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र असू शकतं. त्यात "सामाईक भिंत", "जाण्यायेण्याचा बोळ", "पाण्याचा निकाल" असे शब्द आहेत का, हे शोधा. पुढं सगळं या शब्दांवर अडतं.

दुसरा कागद मिळकत पत्रिका, म्हणजे आपण प्रॉपर्टी कार्ड म्हणतो तो. गावठाणातल्या आणि नगर भूमापन झालेल्या भागातल्या घरांना हा असतो. त्यावर नगर भूमापन क्रमांक, म्हणजे सिटी सर्व्हे नंबर, शीट नंबर, चौरस मीटरमध्ये क्षेत्र, धारकाचं नाव आणि बोजे असतात. त्यावर 'सुविधाधिकार' असाही एक रकाना असतो. दुसऱ्याच्या जागेतून जाण्याचा किंवा पाणी सोडण्याचा हक्क नोंदवलेला असेल तर तो तिथं दिसतो. बहुतेक जणींनी तो रकाना वाचलेलाच नसतो. डिजिटल सहीची मिळकत पत्रिका आता भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावरून फी भरून काढता येते. कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सांगा, ती दहा मिनिटांत काढून देईल.

तिसरा कागद नकाशा. मिळकत पत्रिकेवर क्षेत्र कळतं, पण आकार कळतो तो नकाशावर. आपली बाजू सरळ आहे की मधे वाकलेली, बोळ आपल्या क्रमांकात धरलाय की बाहेर, हे तिथंच दिसतं.

हिरावाडी, म्हसरूळ, मखमलाबाद, पेठ रोड या बाजूला चित्र थोडं वेगळं आहे. पूर्वीच्या मळ्यांवर तिथं वसाहती उभ्या राहिल्या. तिथं बिनशेती झालेला प्लॉट असेल तर मंजूर ले-आउटचा नकाशा मागून घ्या, सातबारा किंवा मिळकत पत्रिका त्याच्याशी ताडून पाहा. रो-हाऊस असेल तर मधली भिंत सामाईक आहे का आणि मागं-पुढं किती जागा मोकळी सोडायची, हे मंजूर नकाशात असतं. गुंठ्यानं घेतलेल्या जागांचा त्रास सर्वांत जास्त. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, ३३ फूट गुणिले ३३ फूट. हा आकडा आला कुठून? जुन्या मोजणीतली साखळी ३३ फुटांची होती, तिचे सोळा भाग, त्यांना 'आणे' म्हणायचे. पण गुंठ्यानं विकलेली जागा अनेकदा साखळीनंही मोजलेली नसते. चार खुंट्या आणि चुन्याची फक्की, एवढ्यावरच हद्द ठरते. पावसात फक्की धुऊन जाते आणि भांडण उरतं. अशा वसाहतींसाठी २००१ मध्ये राज्यात गुंठेवारीचा वेगळा कायदा करावा लागला, यावरूनच प्रश्न केवढा मोठा आहे ते समजा.

घरपट्टीची पावती आणि वीजबिल हा मालकीचा किंवा हद्दीचा पुरावा नाही, हेही पक्कं लक्षात ठेवा. मिळकत पत्रिका आणि सातबारा हीदेखील नोंदच आहे. महसुली नोंदीनं मालकी मिळत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं वेळोवेळी सांगितलं आहे. मालकीचाच वाद असेल तर शेवटचा शब्द दिवाणी न्यायालयाचा.

अर्ज कोण करणार?

काकू-वहिनींच्या बाबतीत सगळ्यात मोठी अडचण इथंच आली. मिळकत पत्रिका काढल्या आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. काकूंच्या घरावर अकरा वर्षांपूर्वी वारलेल्या काकांचंच नाव. वहिनींच्या घरावर त्यांच्या सासऱ्यांचं, तेही हयात नाहीत. भांडणाऱ्या दोघी, आणि कागदावर दोघींपैकी एकीचंही नाव नाही! मोजणीचा अर्ज धारकानं करायचा असतो. म्हणजे आधी वारस नोंद, मग मोजणी.

मैत्रिणींनो, हिंदू उत्तराधिकार कायद्यानं १९५६ पासून विधवेला मुलांच्या बरोबरीनं वाटा आहे. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये दिला. ११ ऑगस्ट २०२० च्या विनीता शर्मा खटल्याच्या निकालानंतर, वडील २००५ मध्ये हयात होते का, हा प्रश्नही उरला नाही. पण हक्क कायद्यात असून भागत नाही, नाव कागदावर लागतं. घरातलं माणूस गेल्यावर तेरावं होतं, वर्षश्राद्ध होतं, वारस नोंद मात्र 'बघू नंतर' म्हणून राहते. तीन महिन्यांच्या आत मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती देऊन ती करून घ्यावी. नाव नसेल तर मोजणीची नोटीसही मेलेल्या माणसाच्या नावानं येते आणि घरातल्या बाईला कुणी "तुमचं म्हणणं काय?" असं विचारतसुद्धा नाही.

मोजणी म्हणजे काय असतं?

भूमी अभिलेख खात्याकडे 'हद्द कायम' मोजणीचा अर्ज करायचा. अर्ज ऑनलाइनही होतो. पूर्वी साधी, तातडी, अतितातडी असे प्रकार होते. १ डिसेंबर २०२४ पासून नियमित आणि द्रुतगती असे दोनच आहेत. द्रुतगतीला फी जास्त पडते, म्हणून घाई नसेल तर नियमित पुरे. मोजणीची तारीख आपल्याला आणि लगतच्या सर्व धारकांना नोटिशीनं कळवतात. त्या दिवशी भूकरमापक येतात. पूर्वी साखळी आणि फलक घेऊन यायचे, आता उपग्रहाच्या मदतीनं चालणारं रोव्हर यंत्र असतं. ते जुन्या नकाशातली पक्की ठिकाणं शोधतात, तिथून माप घेतात आणि हद्दीच्या खुणा दाखवतात. नंतर मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत मिळते. ती जपून ठेवा.

त्या दिवशी बाईनं घरात चहा करत बसू नये. चहा आधी करून ठेवा आणि बाहेर या! जुनी पायरी कुठं होती, मूळ भिंतीचा पाया कुठं लागला, हे तुम्हालाच माहीत असतं. ते सांगा. कागदावर सही करण्याआधी तो वाचा, पटलं नाही तर तसं लिहून सही करा. मोजणी मान्य नसेल तर वरिष्ठ अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, तिला 'निमताना' मोजणी म्हणतात. हद्दीचा दगड मात्र कुणीही, कितीही राग आला तरी, उपटायचा नाही. जमीन महसूल संहितेनुसार हद्दीच्या खुणा नीट राखणं ही धारकाची जबाबदारी आहे आणि मुद्दाम खूण काढली तर दंड आहे.

आता एक गंमत ऐका. नगर भूमापनाचे नकाशे साधारण १:५०० या प्रमाणात असतात. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर अर्धा मीटर. पेनाची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली, तरी जमिनीवर ती पंचवीस सेंटीमीटर, जवळजवळ दहा इंच होते! झेरॉक्सवर पट्टी ठेवून "तुम्ही चार इंच आत आलात" असं म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. कागदावरच्या रेघेतच चार इंच मावतात. चार फुटांचा वाद मोजणी सोडवते. चार इंचांचा वाद शेवटी दोन शेजारणींच्या समजुतीनंच सुटतो.

खिडकी, पागोळी आणि वाट

हद्द म्हटलं की फक्त जमीन डोळ्यांपुढं येते, पण निम्मी भांडणं पाणी, उजेड आणि वाटेवरून होतात. यासाठी १८८२ चा सुविधाधिकाराचा कायदा आहे. एखाद्या खिडकीतून वीस वर्षं सलग, उघडपणे, कुणाच्या हरकतीशिवाय उजेड-वारा येत असेल, किंवा एखाद्या बोळातून वीस वर्षं हक्कानं जा-ये असेल, तर तो हक्क मागता येतो. आपल्या पत्र्याच्या पागोळ्या शेजाऱ्याच्या अंगणात पडतात तेव्हाही प्रश्न हाच असतो. हा पूर्वापार हक्क आहे, की परवा पत्रा एक फूट पुढं ओढला म्हणून पडणारं पाणी आहे? पहिल्याबद्दल बोलता येतं. दुसऱ्यासाठी मुकाट्यानं पन्हळ लावून घ्यावी.

जागेच्या कब्जाचं गणित वेगळं. मुदतीच्या कायद्याप्रमाणे दुसऱ्यानं आपली जागा बारा वर्षं उघडपणे, आपला हक्क नाकारून ताब्यात ठेवली आणि आपण गप्प बसलो, तर ती हातची जाऊ शकते. पण परवानगीनं वापरलेल्या जागेवर असा हक्क मिळत नाही. म्हणून शेजारच्या ताईंना स्कूटर ठेवायला, सिलिंडर ठेवायला कोपरा जरूर द्या. फक्त एका कागदावर दोन ओळी लिहा, "ही जागा अमुक यांची असून आम्ही त्यांच्या परवानगीनं वापरतो", खाली तारीख आणि दोघींच्या सह्या. यात अविश्वास काही नाही. आपण दोघी समजूतदार आहोत, पण आपल्यानंतरच्या मुलांना कुणी सांगायचं?

आणि ती कढीपत्त्याची फांदी! शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार परवानगी लागते. फांद्या छाटायच्या असल्या तरी आधी शेजारणीशी बोला आणि महापालिकेच्या उद्यान विभागाला विचारा. रात्रीतून कोयता चालवू नका.

कुणाकडे जायचं?

बायकांची फरफट होते ती चुकीच्या दारात गेल्यानं. शेजारी विनापरवाना बांधत असेल, मोकळं सोडायचं अंतर सोडत नसेल, तर महापालिकेच्या विभागीय कार्यालयात लेखी तक्रार द्यायची आणि पोच घ्यायची. भिंत धोकादायक झाली असेल तरीही तिथंच. हद्द नेमकी कुठं आहे, यासाठी भूमी अभिलेख. मारहाण, धमकी झाली तर पोलीस. पण पोलीस हद्द ठरवत नाहीत आणि महापालिका मालकी ठरवत नाही. जागा कुणाची, हे दिवाणी न्यायालयच ठरवतं. बांधकाम चालू असेल तर मनाई हुकूम तिथंच मिळतो आणि तो बांधकाम पूर्ण व्हायच्या आत मागावा लागतो. न्यायालयात गेलं तरी मोजणी चुकत नाही. २००८ मध्ये हरियाणा वक्फ बोर्डाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, की वाद हद्दीचा असेल तर जागेवर जाऊन मोजणी करायला आयुक्त नेमायला हवा होता. म्हणजे वर्षानुवर्षं तारखा घेऊनही शेवटी मोजणीचं यंत्रच जागेवर येणार. मग ते आधीच का आणू नये?

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये असं म्हणतात. पण चढावीच लागली तर बाईनं पैशांसाठी अडून राहू नये. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे साधा अर्ज करायचा. लोकअदालतीत दोघींची तडजोड झाली तर तिला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचाच दर्जा असतो, आणि कोर्ट फी भरलेली असेल तर ती परत मिळते.

ज्यांचं माहेर खेड्यात आहे, त्यांनीही कान द्यावा. गावठाणातल्या घरांना पूर्वी मिळकत पत्रिकाच नसायच्या. पुणे जिल्ह्यातल्या सोनोरी गावी ड्रोननं गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला आणि पुढं २०२० मध्ये केंद्राची 'स्वामित्व' योजना आली. आपल्या गावी मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवर आईचं, आपलं नाव लागलंय का ते या दिवाळीला गेल्यावर नक्की बघा.

आणि काकू-वहिनींचं काय झालं?

वारस नोंदी व्हायला काही महिने गेले. तोवर वाकलेली भिंत दोघींनी निम्मा-निम्मा खर्च करून उतरवून घेतली. जीव महत्त्वाचा, एवढं दोघींनाही पटलं होतं. मग मोजणीचा अर्ज दोघींनी मिळूनच केला. नकाशातली रेघ जुन्या भिंतीच्या मधोमध निघाली. सहा इंची नवी भिंत त्या रेघेवर आली आणि उरलेल्या दीड फुटातले नऊ-नऊ इंच दोन्ही घरांना मिळाले. न्हाणीघर कुणाचंच झालं नाही! काकूंच्या पागोळ्यांसाठी वहिनींच्या बाजूनं पन्हळ बसवली, तिचा खर्च काकूंनी दिला. भिंत सामाईक आहे, दुरुस्ती निम्मी-निम्मी, असा करार मोजणीच्या नकाशासह दुय्यम निबंधकांकडे नोंदवला. काकूंनी थरथरत्या हातानं सही केली आणि म्हणाल्या, "साठ वर्षं या घरात राहिले गं, पण घराच्या कागदावर सही आज पहिल्यांदा केली."

तेव्हा मैत्रिणींनो, येत्या रविवारी दुपारी झोप थोडी बाजूला ठेवा. ती फाईल बाहेर काढा. मिळकत पत्रिकेवरचा क्रमांक, क्षेत्र आणि नावं वहीत उतरवून घ्या. नावांत तुमचं नाव नसेल तर का नाही, ते शांतपणे विचारा. घरातल्या मुलीला आणि सुनेलाही शेजारी बसवा. आणि जमलं तर शेजारणीलाही हाक मारा, तिला म्हणावं, तुमचीही फाईल घेऊन या.